व्यक्तिमत्त्व चाचणी देताना आणि तिचा अहवाल वाचताना या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ अशा गावांत अकरावीच्या प्रवेशाबरोबर आणखी एक धावपळ सुरू होते. मुलाचा स्वभाव कसा आहे आणि तो कुठल्या क्षेत्राला जुळेल हे सांगणारी चाचणी करून घ्यावी, असे पालकांना वाटू लागते. शिकवणी वर्ग, समुपदेशन केंद्रे आणि मोबाइलवरची संकेतस्थळे यांमुळे अशी चाचणी आज सहज मिळते. निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पुढे असतो. त्यामुळे गुण चांगले असूनही पुढे काय करावे हे न कळणाऱ्या मुलांची संख्या इथे कमी नाही आणि त्यांच्या पालकांची काळजी अगदी खरी आहे. असे अहवाल समजून घेण्यासाठी अनेक कुटुंबे माझ्याकडे येतात. त्यांच्याशी बोलताना ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्या इथे त्यांच्या कारणांसह आणि उपायांसह मांडल्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. व्यक्तिमत्त्व चाचणीतला आकडा ही तुलना असते. ठरावीक दिवशी, ठरावीक भाषेत, ठरावीक हेतूने दिलेली उत्तरे एका ठरावीक गटाच्या उत्तरांशेजारी ठेवली की तो आकडा तयार होतो. म्हणून अहवालाकडे अंदाज म्हणून पाहावे आणि तो मुलाच्या रोजच्या वागण्याशी पडताळून घ्यावा. ज्यांच्या मनात तो निवाडा म्हणून ठसतो, त्यांच्याकडूनच पुढच्या बहुतेक चुका होतात.

तीन वेगळ्या चाचण्यांची सरमिसळ

'कलचाचणी' या एका नावाखाली लोक तीन निराळ्या गोष्टी मागतात. मुलाला काय करायला आवडते हे अभिरुची चाचणी विचारते. तो काय शिकू शकेल याचा अंदाज अभिक्षमता चाचणी घेते; तिच्यात बरोबर आणि चूक उत्तरे असतात. तो एरवी कसा वागतो, कसा विचार करतो, त्याला काय वाटत राहते, हे व्यक्तिमत्त्व चाचणी विचारते आणि तिथे बरोबर-चूक असे काही नसते. राज्य मंडळाने काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची जी कलचाचणी घेतली, तिचा मुख्य रोख आवडीकडे होता. तरीही 'मुलगा अंतर्मुख आहे, म्हणजे त्याला वकिली जमणार नाही' असे निष्कर्ष पालक, आणि कधीकधी शिक्षकही, एका आकड्यावरून काढतात. हा निष्कर्ष काढण्यासाठी लागणारी माहिती व्यक्तिमत्त्व चाचणीत नसतेच. कामातील यशाशी सर्वांत सातत्याने संबंध दिसणारा व्यक्तिमत्त्वगुण म्हणजे कर्तव्यदक्षता, आणि त्याचाही कामगिरीशी सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने चालतात याचे माप; ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) साधारण ०.२ च्या आसपास येतो. हा सहसंबंध उपयोगी आहे, मात्र त्यावरून एका मुलाचे भवितव्य सांगता येत नाही.

माणसाला खणात बसवणे

व्यक्तिमत्त्वाचा विचार ढोबळमानाने दोन वाटांनी झाला. पहिली वाट प्रकारांची. स्वित्झर्लंडचे कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा वृत्तींची मांडणी केली. तिच्या आधारे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनी एक प्रश्नावली तयार केली. चार अक्षरांत स्वभाव सांगणारी, माणसांचे सोळा प्रकार पाडणारी 'एमबीटीआय' ती हीच. समाजमाध्यमांवर मुले स्वतःच्या नावापुढे लिहितात ती अक्षरे तिथूनच आली. निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख असा माणूस नसतो, हे युंग यांनाही मान्य होते. चार अक्षरांच्या लोकप्रियतेत ते मागे पडले.

दुसरी वाट गुणविशेषांची. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे अठरा हजार शब्द वेचले आणि त्यांतले सुमारे साडेचार हजार शब्द टिकाऊ गुणांचे म्हणून वेगळे काढले. रेमंड कॅटेल यांनी घटक विश्लेषण या संख्याशास्त्रीय पद्धतीने हा पसारा आवरून सोळा घटक मांडले. त्यांची १६ पीएफ ही प्रश्नावली १९४९ मध्ये आली. हान्स आयझेंक यांना मोजकीच व्यापक परिमाणे पुरेशी वाटत होती. पुढे अनेक संशोधकांना वेगवेगळ्या माहितीतून पाच घटक पुन्हा पुन्हा मिळत गेले : बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि अनुभवांबाबतचा खुलेपणा. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांच्या १९९२ च्या प्रश्नावलीत या पाच घटकांचे प्रत्येकी सहा उपघटक २४० विधानांतून मोजले जातात.

या दोन वाटांतला फरक पालकांनी नीट समजून घ्यावा, कारण अहवालातली सर्वांत मोठी गफलत इथेच होते. बहिर्मुखता मोजली तर बहुतेक माणसे मधल्या भागात येतात आणि दोन्ही टोकांना थोडी उरतात. उंचीचेही असेच असते. आता १६५ सेंटिमीटरच्या वर 'उंच' आणि खाली 'बुटका' असे दोनच खण केले, तर १६४ आणि १६६ सेंटिमीटरचे दोन भाऊ वेगळ्या खणांत जातील आणि १६६ व १८५ सेंटिमीटरची माणसे एकाच खणात येतील. चार अक्षरांच्या अहवालात हेच घडते. मधल्या रेषेजवळच्या मुलाने काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली आणि दोन-तीन उत्तरे इकडची तिकडे झाली, की त्याचे अक्षर बदलते. घरच्यांना वाटते, मुलगाच बदलला. मुलगा होता तिथेच असतो, फक्त रेषा त्याच्या फार जवळून गेलेली असते.

उपाय सोपा आहे. अहवालात फक्त प्रकार दिला असेल, तर प्रत्येक घटकाचा मूळ गुणांक आणि शततमक (तुलनेच्या गटात मूल कितव्या टक्क्यावर येते) मागून घ्यावे. ते देता येत नसतील, तर त्या अहवालाच्या आधारे शाखा निवडू नये.

इथेच आणखी एका गोंधळाचा उल्लेख करतो. काही अहवालांत पाच घटकांच्या आलेखाखाली फ्रॉइड यांनी मानलेले मनाचे तीन भाग, म्हणजे इदं, अहं आणि पराहं, येतात, त्यांच्या शेजारी मास्लो यांची गरजांची उतरंड येते आणि शेवटी बंडुरा यांची स्वक्षमतेची कल्पना जोडलेली असते. हे सिद्धान्त निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे शोधतात. फ्रॉइड यांना मनातला संघर्ष समजून घ्यायचा होता, कार्ल रॉजर्स यांना माणसाची स्वतःविषयीची कल्पना, बंडुरा यांना पाहून शिकणे आणि स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास. पाच घटकांची मांडणी माणसामाणसांतले फरक वर्णन करते आणि त्या फरकांमागचे कारण ती स्वतःहून सांगत नाही. त्यामुळे 'भावनिक अस्थिरता जास्त, कारण बालपणीचा दमित संघर्ष' असे वाक्य चाचणीतून निघूच शकत नाही. ते लिहिणाऱ्याने आपल्या पदरचे घातलेले असते.

'अगदी तंतोतंत जुळते' म्हणून अहवाल खरा मानणे

बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि आठवड्याभराने प्रत्येकाच्या हाती त्याचे 'वैयक्तिक' वर्णन ठेवले. ते आपल्याला किती लागू पडते यासाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिलेला होता आणि त्यातली वाक्ये राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. वरवर शिस्तबद्ध पण आतून काळजी करणारा, कधी मनमोकळा तर कधी अबोल, बरीच क्षमता अजून न वापरलेला : असे वर्णन कोणत्या माणसाला लागू पडणार नाही?

म्हणून अहवाल वाचून घरातल्या सर्वांनी मान डोलावली, याने चाचणीविषयी काहीही सिद्ध होत नाही. माझा आग्रह एका साध्या पडताळणीचा असतो. एकाच वर्गातल्या तीन-चार मुलांचे एकाच ठिकाणचे अहवाल त्यांच्या पालकांच्या संमतीने घ्यावेत, नावे झाकावीत आणि आपल्या मुलाचा कोणता हे पालकांनी ओळखून दाखवावे. नाव पाहून 'हुबेहूब आमचा मुलगा' म्हणणाऱ्यांना नाव झाकल्यावर तो सापडत नसेल, तर अहवालात मुलाविषयी फारसे काही नाही हे उघड होते.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी, स्वभाव आणि करिअर सांगणाऱ्या चाचणीचे कोकणातल्या लहान शहरांतही बरेच प्रस्थ आहे. 'डीएमआयटी' या नावाने ती शाळांमधून आणि शिकवणी वर्गांतून विकली जाते. तिच्याबाबत मोघम बोलणे मला योग्य वाटत नाही. ठशांच्या रेषा गर्भावस्थेतच घडतात आणि आयुष्यभर तशाच राहतात. एकसारख्या जुळ्या भावंडांचेही ठसे वेगळे असतात. त्या रेषांवरून स्वभाव किंवा कल सांगता येतो याला वैज्ञानिक आधार नाही. मनोविकारतज्ज्ञांच्या इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटी या संघटनेनेही या चाचणीला वैज्ञानिक आधार नसल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. त्यावर खर्च होणारे पैसे मुलाच्या पुस्तकांना किंवा एखाद्या क्षेत्रातल्या माणसाला भेटायला जाण्याच्या प्रवासखर्चाला वापरले, तर त्याचा काही उपयोग तरी होईल.

तुलना कोणाशी झाली, हे न विचारणे

अहवालातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते, आणि पुष्कळदा ते नसतेच : ही प्रमाणके कोणत्या गटावर तयार केली आहेत. प्रमाणके म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची त्या लोकांची उत्तरे. 'मुलीची बहिर्मुखता ३० व्या शततमकावर' याचा अर्थ, त्या गटातल्या साधारण ३० टक्के लोकांचे गुण तिच्याइतके किंवा त्याहून कमी आहेत. हा गट अमेरिकेतल्या प्रौढांचा असेल, किंवा महानगरातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा असेल, तर देवगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या पंधरा वर्षांच्या मुलीबद्दल तो आकडा काय सांगतो?

एक विधान जवळून पाहू. बहिर्मुखता मोजणाऱ्या प्रश्नावल्यांत अनोळखी लोकांत मिसळण्यासंबंधी विधाने असतातच. मुंबईतल्या विद्यार्थ्याला रोज लोकलमध्ये, महाविद्यालयात, कॅन्टीनमध्ये अनोळखी माणसे भेटतात. वाडीवरच्या मुलीला रस्त्यात भेटणारी माणसे बहुधा ओळखीची असतात. काका, मामी, आजा, कोणीतरी नात्याचे किंवा शेजारचे. ती 'अनोळखी लोकांशी मी सहज बोलते' यापुढे 'नाही' अशी खूण करते, कारण तो प्रसंग तिला क्वचितच येतो. हीच मुलगी गणपतीत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या वीस माणसांच्या गोतावळ्यात सर्वांना जेवायला वाढते, लहान मुलांना गोळा करून फुगड्या घालते आणि आरतीला पहिला सूर लावते. चाचणीने तिला हे विचारलेलेच नसते.

धोका पत्करण्याविषयीच्या विधानांचेही तसेच होते. मिरकरवाडा किंवा हर्णैसारख्या बंदरावरचा, वडिलांबरोबर होडीवर जाणारा मुलगा 'मला धोका पत्करायला आवडतो' हे वाचून थबकतो. त्याच्या घरात समुद्राचा धोका हा ओळखून टाळायचा असतो. वारा फिरला की तांडेल होडी वळवतो आणि खलाशी त्याचे ऐकतात. मुलगा 'नाही' लिहितो आणि अहवाल म्हणतो, 'साहसाची आवड कमी.' जो मुलगा पहाटेच्या अंधारात समुद्रावर जातो, त्याच्याविषयी हे वाक्य लिहिले गेले आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात यायला हवे.

भाषांतराचाही प्रश्न इथेच येतो. चांगल्या चाचणीचे मराठी रूप तयार करताना भाषांतर केले जाते, मग दुसरी व्यक्ती मूळ मजकूर न पाहता त्याचे उलट भाषांतर करते, दोन्हींची तुलना होते आणि त्यानंतर मराठी बोलणाऱ्या पुरेशा लोकांवर नवी प्रमाणके काढली जातात. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी मराठीत मानसशास्त्रीय चाचण्यांचे काम अनेक वर्षे केले आहे, हे मराठी पालकांना माहीत असायला हवे. घरी मालवणी बोलणाऱ्या आणि शाळेत प्रमाण मराठी वाचणाऱ्या मुलाच्या हाती इंग्रजी प्रश्नावली देऊन शिक्षकाने तिचा अर्थ तिथल्या तिथे सांगत जाणे, ही यांतली सर्वांत घातक पद्धत आहे. तेव्हा मूल चाचणीला उत्तर देत नाही. शिक्षकाच्या आवाजाला आणि त्याच्या चेहऱ्यावरच्या भावाला उत्तर देते.

आकड्याभोवतीची अनिश्चितताही याच पानावर तपासावी. अनेक अहवाल टी-गुणांकात असतात. त्यात सरासरी ५० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) १० धरलेले असते. चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजल्यावर निकाल किती स्थिर राहतो याचे माप, ०.८४ असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा सहज किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, ४ येते. म्हणजे अहवालात ५३ आले तर खरा गुणांक ४९ ते ५७ या पट्ट्यात कुठेही असू शकतो आणि तो या पट्ट्याबाहेर असण्याची शक्यताही साधारण तीनात एक एवढी उरते. दोन भावंडांचे गुणांक एकमेकांशी ताडून पाहायचे झाले, तर त्यांच्यात ११ हून अधिक अंतर असल्याशिवाय एक दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे असे खात्रीने म्हणता येत नाही. तरीही ५३ आणि ४८ पाहून 'धाकटा जास्त जबाबदार' असे जाहीर करणारी घरे मी पाहतो, आणि त्या एका वाक्याचे ओझे थोरल्या मुलावर किती दिवस राहते हेही पाहतो.

प्रसंग बाजूला ठेवून स्वभाव शोधणे

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की गुणविशेषाचा गुणांक आणि एखाद्या ठरावीक प्रसंगातले प्रत्यक्ष वागणे यांतला सहसंबंध बहुधा ०.३ च्या पुढे जात नाही. त्याच्याही चाळीस वर्षे आधी, १९२८ मध्ये, ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांना शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाविषयी असेच आढळले होते : परीक्षेत नक्कल करणारे मूल खेळात किंवा पैशाच्या व्यवहारात फसवेलच असे नाही. या निष्कर्षांवरून मानसशास्त्रात मोठा वाद झाला. त्यातून हाती लागलेली समजूत अशी की एका प्रसंगाचे भाकीत गुणांकावरून नीट होत नाही. अनेक प्रसंगांची सरासरी घेतली तर गुणविशेषाचा ठसा स्पष्ट दिसू लागतो. मिशेल आणि युइची शोडा यांनी १९९५ मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. माणसाचे सातत्य 'असे असेल तर तसे' या नमुन्यात शोधावे, असे त्यांनी मांडले. एक मूल मोठ्यांनी दटावले की चिडते आणि बरोबरीच्यांनी डिवचले तर शांत राहते. दुसऱ्याचे नेमके उलट असते. दोघांच्या चिडण्याची बेरीज सारखी येईल, पण स्वभाव वेगळे असतील.

पालकांसाठी या विषयातला सर्वांत उपयोगी विचार हाच आहे, असे माझे मत आहे. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा डबलबारीच्या भजनात समोरच्या बुवाला उत्तर देण्यासाठी पुढे सरसावतो, शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचतो, आणि त्याच मुलाला मुलाखतीच्या खोलीत घाम फुटतो. 'हा लाजाळू आहे की धीट?' हा प्रश्न इथे निरुपयोगी ठरतो. तो कोणत्या ठिकाणी, कोणासमोर, कशाची तयारी असताना धीट असतो, असे विचारावे.

घरी करता येईल असे काम म्हणजे एका वहीत दोन रकाने आखावेत. डावीकडे प्रसंग लिहावा : कोण समोर होते, काय काम होते, मुलाला ते आधीपासून येत होते का. उजवीकडे त्याने प्रत्यक्षात काय केले ते लिहावे. 'आळशी', 'हट्टी', 'हुशार' असली विशेषणे उजव्या रकान्यात येऊ देऊ नयेत. 'गणिताची वही दोनदा सांगूनही उघडली नाही, संध्याकाळी जाळे विणायला मात्र दीड तास बसला' असे लिहावे. महिनाभर हे केले की चाचणीच्या अहवालाशेजारी ठेवायला काहीतरी ठोस हाती येते.

शिक्षकांनीही आपल्या श्रेणीपत्रकांबाबत दक्ष राहावे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवले होते की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या लोकांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांसाठी दिलेले गुण एकमेकांशी अवाजवी जुळतात. एका चांगल्या छापाची छाया बाकीच्या सर्व गुणांवर पडते. सुवाच्य अक्षराच्या मुलाला 'प्रामाणिक' या रकान्यातही वरचे गुण मिळतात, ते याच कारणाने.

तात्पुरती मनःस्थिती स्वभाव म्हणून नोंदवणे

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, घरात कोणी गेल्यानंतर किंवा आजारपणात घेतलेली चाचणी भावनिक अस्थिरता हमखास वाढवून दाखवते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले, पुढच्या वर्षी तौक्ते येऊन गेले आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पुराच्या पाण्याखाली गेले. अशा आपत्तीनंतरच्या महिन्यांत ज्या मुलाला रात्री पावसाचा आवाज आला की झोप लागत नाही, त्याच्या अहवालावर 'चिंताळू व्यक्तिमत्त्व' असा शिक्का मारणे हा अन्याय आहे. ती चिंता त्याच्यावर आलेल्या प्रसंगाची असते.

म्हणून चाचणीपूर्वी गेल्या काही महिन्यांत काय घडले हे विचारलेच पाहिजे. उदासी, झोप न लागणे, जेवणावरची वासना जाणे, कशातही रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर व्यक्तिमत्त्व चाचणी बाजूला ठेवून आधी उपचारांचा विचार करावा. रत्नागिरीत शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेलि-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान तर कोणत्याही एका प्रश्नावलीवरून होत नाही. त्यासाठी प्रशिक्षित तज्ज्ञाची सविस्तर मुलाखत आणि दीर्घकाळचा इतिहास लागतो, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांबाबत तज्ज्ञ हे निदान फार सावधपणे करतात.

चांगले दिसण्यासाठी उत्तरे देणे

वडील शेजारी बसलेले असताना कोणता मुलगा 'मी कधीकधी खोटे बोलतो' यापुढे 'हो' लिहील? चाचणी एकट्याने, शांत जागी आणि उत्तरे कोण पाहणार हे आधी स्पष्ट सांगून घ्यावी. मिनेसोटा विद्यापीठात स्टार्क हॅथवे आणि जे. सी. मॅकिन्ली यांनी तयार केलेल्या आणि १९४० च्या दशकात आलेल्या एमएमपीआय या चाचणीत उत्तरे किती विश्वासार्ह आहेत हे पाहणाऱ्या वेगळ्या मापनश्रेणी आहेत. फार चांगले दाखवणे, फार वाईट दाखवणे आणि बचावात्मक राहणे यांचा त्यांतून अंदाज येतो. साध्या प्रश्नावल्यांत निदान उलट अर्थाच्या विधानांच्या जोड्या तपासाव्यात. 'मला कामे वेळेत पूर्ण करायला आवडते' आणि 'माझी कामे नेहमी मागे पडतात' या दोन्हींना 'हो' असेल, तर मूल कंटाळून किंवा भिडेपोटी होकार देत गेले आहे. सगळीकडे 'सांगता येत नाही' अशी खूण असेल, तरी अहवाल काढू नये.

लष्करात अधिकारी होण्यासाठी सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीला जाणाऱ्या कोकणातल्या तरुणांना याबाबत विशेष सांगायचे आहे. तिथे प्रक्षेपण चाचण्या असतात : चित्र पाहून गोष्ट लिहिणे, शब्द पाहून मनात येईल ते वाक्य लिहिणे, प्रसंग वाचून आपण काय करू ते लिहिणे. चित्रावरून गोष्ट सांगण्याची मूळ चाचणी क्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी १९३५ मध्ये मांडली. शाईच्या डागांची हरमान रोरशाख यांची दहा कार्डांची चाचणी त्याआधीची, १९२१ ची. या चाचण्यांच्या विश्वसनीयतेवर आणि सप्रमाणतेवर (जे मोजायचे तेच त्या मोजतात का, यावर) दीर्घकाळ टीका झाली आहे, आणि म्हणूनच निवड मंडळ फक्त त्यांच्यावर अवलंबून राहत नाही. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि गटकार्ये पाहणारा अधिकारी हे तिघे स्वतंत्रपणे उमेदवार पाहतात आणि मग आपापली निरीक्षणे एकत्र ताडतात. पाठ केलेल्या गोष्टींचा इथे तोटाच होतो. बुडणाऱ्याला वाचवणारा, गावात वाचनालय काढणारा, सामना जिंकून देणारा तोच नायक प्रत्येक चित्रात आला आणि प्रत्यक्ष गटकार्यात तोच उमेदवार दोरी हातात घ्यायलाही पुढे झाला नाही, की विसंगती लगेच उघडी पडते. आपल्या अनुभवातली माणसे, आपल्या गावातली कामे आणि आपल्याला खरोखर सुचणारे उपाय लिहावेत. भात लावणीच्या दिवसांत माणसे गोळा करून काम तडीस नेलेल्या मुलाला नेतृत्वासाठी उसना प्रसंग शोधण्याची गरज नाही.

अहवाल एकमेकांशी जुळत नसतील तर

दोन चाचण्यांचे निष्कर्ष वेगळे आले, तर घाईने एकाला खोटे ठरवू नये. आधी दोन्हींत एकाच नावाखाली एकच गोष्ट मोजली आहे का ते पाहावे. एकाची 'बहिर्मुखता' गप्पिष्टपणावर भर देते, दुसऱ्याची उत्साहावर. मग प्रमाणके, भाषा, तारीख आणि चाचणीचा हेतू यांची तुलना करावी. बहुतेक तफावती इथेच उलगडतात.

मुलगा स्वतःविषयी एक सांगतो आणि शिक्षक दुसरे, असेही होते. आतली काळजी आणि घालमेल मुलालाच अधिक माहीत असते. तो गटात कसा वागतो, दुसऱ्याला कितपत सांभाळून घेतो, हे पाहणाऱ्यांना अधिक दिसते. त्यामुळे दोन्ही माहिती ठेवाव्यात आणि तफावतीविषयी मुलाशीच बोलावे. हे बोलणे पुष्कळदा अहवालापेक्षा अधिक कामाचे ठरते.

दोन-तीन वर्षांनी अहवाल बदलला, तर त्यात नवल नाही. ब्रेंट रॉबर्ट्स आणि वेंडी डेलवेकिओ यांनी २००० मध्ये १५२ दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. गुणविशेषांचे सातत्य, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या मोजणीतला सहसंबंध, बालपणी ०.३१, महाविद्यालयीन वयात ०.५४, तिशीत ०.६४ आणि पन्नाशी ते सत्तरीत ०.७४ असे वाढत जाताना त्यांना दिसले. पंधराव्या वर्षी मोजलेला स्वभाव अजून घडत असतो. सरासरीने पाहता वयाबरोबर कर्तव्यदक्षता आणि सौहार्द वाढतात, भावनिक अस्थिरता कमी होते. दहावीतल्या मुलाच्या अहवालावर 'कायमस्वरूपी' असा शब्द आला, तर त्या अहवालाच्या लेखकाला हा विषय पुरेसा ठाऊक नाही असे समजावे.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

चाचणीचे पूर्ण नाव काय, ती कोणी आणि कधी तयार केली, मराठी प्रमाणके कोणत्या वयोगटावर काढली, विश्वसनीयता आणि सप्रमाणता किती, अहवाल समजावून सांगणाऱ्या व्यक्तीचे मानसशास्त्रातले शिक्षण कोणते आणि उत्तरपत्रिका कोणाकडे, किती दिवस राहणार, हे सर्व आधी विचारावे. निदानासाठी चाचणी होत असेल, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते तपासावे. योग्य काम करणाऱ्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. उत्तरे टाळली गेली, तर तिथून उठावे.

शाळेने गटाने चाचणी घेतली असेल, तर अहवाल वर्गात वाचून दाखवू नये आणि मुलाच्या दप्तरी नोंदीत 'अंतर्मुख', 'अस्थिर' असे शब्द चढवू देऊ नयेत. पालकांनी तशी लेखी विनंती मुख्याध्यापकांकडे करावी. घरी ठेवायच्या प्रतीवर चाचणीची तारीख, भाषा, त्या दिवसांतली घरची परिस्थिती आणि चाचणी कशासाठी घेतली हे पेनाने लिहून ठेवावे, म्हणजे बारावीनंतर पुन्हा चाचणी घेण्याची वेळ आली तर दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचता येतील.